बत्तीसची की छत्तीसची

३ जून, सोमवार. सकाळ.
खारीने पापड खाल्ले. पोह्यांचे. सगळे नाही, प्रत्येकाचा एकेक घास. म्हणजे एकही कामाचा राहिला नाही. सांडगी मिरच्यांना तोंड लावलं नाही. अक्कल आहे मेलीला.
इथली खार म्हणजे आपल्याकडची बोटाएवढी रामाची खार नव्हे. मांजराच्या पिल्लाएवढी, शेपूट केरसुणीसारखी. डेकच्या कठड्यावर बसून माझ्याकडे बघत खात होती. मी लाटणं फेकलं. लाटणं शेजारच्या अंगणात गेलं. खार जागची हलली नाही.
धाकटी जाऊ नीलांबरी वरून म्हणाली, वहिनी, डेकवर वाळवण घालू नका, सोसायटीचं पत्र येतं. येऊ दे. पत्र इंग्रजीत असतं, मला इंग्रजी येत नाही, म्हणजे ते मला लागू नाही.
ठरलं. ह्याच आठवड्यात खारीचा बंदोबस्त.
ही वही इलाने दिली. इला म्हणजे नीलांबरीची मुलगी, सोळा वर्षांची. म्हणाली, काकी, रोज लिही, तुझं इंग्लिश सुधारेल. मी मराठीत लिहिते. इंग्रजी आपोआप सुधारेल.

४ जून, मंगळवार.
लाटणं आणायला शेजारी गेले. शेजारी डेल राहतो. सत्तरीचा गोरा म्हातारा, बायको नाही, कुत्रा नाही, एक ट्रक आहे. आम्ही अमेरिकेतल्या ह्या डब्लिनला येऊन चार वर्षं झाली, लांबून हात हलवण्यापलीकडे बोलणं नव्हतं. पायरीवर बसून बंदूक पुसत होता. लाटणं बाजूला नीट ठेवलेलं.
बंदूक बघितली आणि माझे पाय थांबले. ठासणीची. बाबांची होती तशीच. शेताच्या राखणीची, लायसन्सवाली, डुकरं आणि वानर मातले की बाहेर निघायची. इलेक्शन आली की पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागला की परत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी किंवा छरे, गजाने ठासायचं, मागे घोड्याखाली टिकलीसारखी फुटणारी टोपी चढवायची. ठो.
मी त्याच्या हातातला गज घेतला आणि ठासून दाखवलं. म्हातारा उभाच राहिला. हात मिळवला. मग पुष्कळ बोलला. मला निम्मं कळलं. निम्मं पुरे. बाकीचं निम्मं माणसं उगाच बोलतात.
मी गावात नेमासाठी प्रसिद्ध होते. एकदाच वाजवली, पण अजून सगळी वाडी आठवण काढते. म्हैस मध्ये आली हा म्हशीचा दोष. आणि शेपटीचं टोक तर गेलं.

९ जून, रविवार.
गावाहून रेणूचा फोन. रेणू आमच्या घराच्या वरच्या अंगाला राहते, किल्ली तिच्याकडे. आम्ही आल्यापासून घर बंद. गणपतीला ती आमच्या देवघरात नुसता नारळ मांडते आणि दिवा लावते. घराण्याचा गणपती गावच्या घरातच बसतो. इथे दिराने, शैलेंद्रने, हौस म्हणून वेगळा आणला तरी तो वेगळा.
तिने विचारलं, ह्या वर्षी तरी शाळेत पाट देऊ का. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, पाट दिला की त्यावर आपली मूर्ती होते. पण एकदा मूर्ती झाली की आणायला घरचं माणूस लागतं.
मी म्हटलं दे. मी येते.
फोन ठेवल्यावर आठवलं, घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही. सांगायला काय लागतं. मी काही कोणाला भीत नाही. सगळ्यांना माहीत आहे माझं तोंड कसं आहे.

१३ जून, गुरुवार.
सांगितलं नाही. कारण आहे.
आज पोळ्या लाटताना विचार केला. घर दिराचं, आम्ही दोघं खाली बेसमेंटात; तिथे दुसरं काय करणार. टिफिनच्या धंद्याचं नाव नीलांबरीज किचन, पोळ्या माझ्या. ती ऑफिसात असते, फोनवर ऑर्डर घेते, खाली मला फक्त आकडा येतो. आमची खिडकी छताला लागून, बाहेरून जमिनीला लागून. त्यातून गवत दिसतं आणि खारीचे पाय.
विचार असा. माहेरी बाबांचं कोणी ऐकत नसे. आजीपुढे ते एक शब्द बोलत नसत. पण शिकार घेऊन उंबऱ्यात उभे राहिले की आजी गप्प. त्या दिवशी बाबा म्हणतील ती पूर्व. रिकाम्या हाताने बोललेलं माणसं ऐकत नाहीत.
तर ठरलं. पहिली खार पडली की ती ओट्यावर ठेवायची आणि सगळ्यांसमोर सांगायचं, मी गणपतीला गावी चालले. तोपर्यंत तोंड बंद.
डेलला जाऊन म्हटलं, मला पण बंदूक पाहिजे. म्हणाला, इथे गावात वाजवता येत नाही, पोलीस येतील. खारीची शिकार एक सप्टेंबरला उघडते, तेव्हा दक्षिणेला डोंगरात त्याच्या मित्राचं रान आहे तिथे नेईन. त्याच्याबरोबर गेलं तर शिकाऊ लायसन्स चालतं, परीक्षा नाही.
खार पापड खाते जूनमध्ये आणि कायदा उठतो सप्टेंबरात. पण गणपती सात सप्टेंबरला. एकला खार, दोनला सांगितलं, तीनला विमान. बसतं बरोबर.

१६ जून, रविवार.
बंदूक निवडणं सोपं आहे असं वाटलं होतं. मोठ्या माणसाला मोठी, लहानाला लहान. तसं नाही. नळीच्या भोकावर असतं. खारीला बारीक भोक लागतं. मोठ्या गोळीने खारीची चटणी होते, हातात शेपूट राहते.
बारकीत दोन. बत्तीसची आणि छत्तीसची. डेलने दोन्हीच्या गोळ्या तळहातावर ठेवल्या. बत्तीस म्हणजे वाटाणा. छत्तीस म्हणजे काबुली चणा. घरी येऊन दोन्ही डब्यांतून एकेक काढून बघितलं. फरक तसा काही नाही. पण आहे.
डेलची स्वतःची छत्तीस. म्हणाला, तूही छत्तीस घे. बत्तीसची गोळी बोटात सापडत नाही आणि गज इतका बारीक की मोडतो.
मला कोणी हे घे म्हटलं की मला ते नको होतं. स्वभाव आहे.
मी विचारलं, एकच गोळी का, बाबा तर मूठभर छरे घालायचे. तो म्हणाला, ही रायफल, हिच्या नळीला आतून आटे असतात, एक गोळी, डोक्यात. मला पटलं नाही. पण मोठ्या माणसाला कशाला दुखवा.

२२ जून, शनिवार.
रात्री जेवताना पण बत्तीस-छत्तीस डोक्यात. नवरा, मनोहर, दुकानातून आला होता. दिवसभर इंडियन स्टोअरमध्ये तांदळाच्या गोण्या उचलतो, घरी आला की बोलत नाही. आज नेमका बोलायला लागला. कसलीशी तिकिटं स्वस्त निघालीत, आज सांगितलं तर मिळतील. इलाच्या शाळेच्या कार्यक्रमाचं असेल. मी म्हटलं थांब, आधी माझं एक ठरू दे. तो म्हणाला, काय ठरायचंय. मी म्हटलं, ठरलं की सांगते. तो बरं म्हणाला आणि झोपला.
नवऱ्याचा हा एक गुण आहे. थांब म्हटलं की थांबतो.

४ जुलै, गुरुवार.
आज सगळ्या गावात फटाके. तोफा लावल्यासारखे. पोरांच्या हातात दारू, म्हाताऱ्यांच्या हातात दारू, पोलीस उभे राहून बघतात. मी एका खारीला पाव चमचा दारू लावली तर गुन्हा.
खार आवाजाने घाबरून डेकखाली बसली होती. मी शेंगदाणे टाकले. दया म्हणून नव्हे. सप्टेंबरात अंगावर मांस पाहिजे.

१४ जुलै, रविवार.
डेलने मला बंदुकीच्या दुकानात नेलं. नीलांबरीला सांगितलं देवळात जाते. ती म्हणाली, डेलच्या ट्रकमधून? मी म्हटलं देवाला ट्रक चालतो.
चार वर्षांत पहिल्यांदा घरच्यांशिवाय गाडीत बसले. गाडी मला येते, फक्त परीक्षा इंग्रजीत आहे. खिडकीची काच खाली केली आणि हात बाहेर काढला. डेल काही बोलला नाही. घरचे असते तर बोलले असते.
दुकानात भिंतभर बंदुका. एक लांबलचक, माझ्यापेक्षा उंच, ठासायला स्टूल लागेल. एक गारगोटीची. घोडा पडला की ठिणगी उडते, मग दारू पेटते, मग बार होतो. तोपर्यंत खार म्हातारी होईल. मी म्हटलं टोपीची दाखवा. आखूड दाखवा.
दुकानदाराने विचारलं नवऱ्यासाठी का. डेलने मला सांगितलं तो काय म्हणाला. मी बंदूक खांद्याला लावली आणि त्याच्या टोपीवर नेम धरला. रिकामीच होती. त्याने पुन्हा विचारलं नाही.
दंड माझे भक्कम आहेत. रोजच्या पोळ्या. बंदूक हलली नाही म्हणजे अगदी थोडी हलली.
पण बत्तीस की छत्तीस हे ठरलं नाही. छत्तीस हातात छान बसली, हीच मला शंका. पहिल्यांदा हातात छान बसतं ते पुढे फसवतं. अमेरिकेचं पण तसंच वाटलं होतं.

२३ जुलै, मंगळवार.
बत्तीस. ठरलं. कारणं: दारू कमी खाते, शिसं कमी खाते. बाजूच्याची छत्तीस आहे, त्याच्यासारखीच घेतली तर त्याचं ऐकलं असं होईल.
इलाने फोनवर बटण दाबलं. पोळ्यांच्या साठवलेल्या पैशातून. तिने खाली चित्र बघितलं आणि म्हणाली, "काकी, दॅट्स लिटरली अ गन."
मी म्हटलं आईला सांगू नकोस. ती म्हणाली, "शी विल फाइंड आउट." मी म्हटलं तिला घरात बेसमेंट आहे हे कळायला चार वर्षं लागतायत, बंदूक लांबच.
उद्या नवऱ्याला गावी जाण्याचं सांगून टाकते. नको. आधी खार.

३१ जुलै, बुधवार.
पार्सल आलं. लांब खोका. नीलांबरी आज घरून काम करत होती. नेमकी. विचारलं काय आहे. माझ्या तोंडात आलं, पडद्याचा रॉड.
ती खूश झाली. म्हणाली, बरं झालं वहिनी, तुमच्या खिडकीला पडदा हवाच होता, बाहेरून सगळं दिसतं. संध्याकाळी पडदा घेऊन आली. फुलाफुलांचा.
आता पडदा लावला नाही तर संशय. सुतळी बांधून लावला. बंदूक पलंगाखाली, रॉड नसलेला पडदा खिडकीवर. खारीचे पाय दिसत नाहीत. गवत दिसत नाही. आता दिवसाही लाइट लावून पोळ्या लाटायच्या.
पण बंदूक सुंदर आहे. लाकडावर हात फिरवला. माझी आहे. ह्या घरात पहिलीच वस्तू मी निवडलेली.

९ ऑगस्ट, शुक्रवार. नागपंचमी.
सकाळी रेणूचा फोन. म्हणाली, "गे सुवर्णा, पाट दिलंय हां. तुझ्या नावान. तू येतंस मां?"
मी म्हटलं येतेच.
संध्याकाळी नीलांबरी खाली आली. इथल्या मंडळाने गणपतीच्या दिवशी अकराशे मोदकांची ऑर्डर दिली आहे. उकडीचे. ती म्हणाली, वहिनी, मी हो म्हणून टाकलं, तुमच्या हाताला चव आहे.
मी तिला तोंडावर सांगणार होते. सांगणारच होते. तोंड उघडलं आणि तांदळाचं पीठ किती लागेल ते सांगितलं.
काही बिघडत नाही. खार पडली की हिशेब वेगळा. मोदक तिने करावेत. यूट्यूबवर असतं.

१८ ऑगस्ट, रविवार.
सराव. डेलच्या मित्राच्या रानात. कागदावर गोल काढलेला.
चिंध्या मी घरून नेल्या, जुन्या सुती साडीच्या. गोळी चिंधीत गुंडाळूनच ठासायची असते. डेल चिंधीला कसलीशी चरबी लावतो. मी तूप नेलं. त्याने बोटावर घेऊन वास घेतला, मग चाटलं, मग उरलेलं चिंधीला लावलं. आता म्हणतो जन्मभर तूपच लावणार.
तो दारू मापाने घालतो. छोटं पितळी माप, साधारण पाव चमचा. मी म्हटलं मला चिमटीने कळतं. तो नाही म्हणाला. ह्या बाबतीत आमच्या सासूसारखा आहे.
नेम उत्तम झाला. पहिली गोळी कागदाच्या इतक्या जवळून गेली की कागद हलला. दुसरी आणखी जवळून. तिसरी कागदाला लागली, गोलाला नाही, पण कोणत्या गोलाला हे मला आधी सांगितलं नव्हतं. बत्तीसच्या गोळीला वारा ढकलतो असं डेल म्हणाला. ही नवीच अडचण. वाऱ्याला मी काय करणार.
गोळी खरंच बोटात सापडत नाही. गवतात दोन पडल्या. तिथे पुढच्या वर्षी शिशाचं झाड येईल.

२६ ऑगस्ट, सोमवार. गोकुळाष्टमी.
रेणूने मूर्तीचा फोटो पाठवला. अजून रंग नाही. पांढरी, पाटावर बसलेली, डोळे काढायचे बाकी. पाटाच्या कडेला खडूने माझं नाव.
नवऱ्याला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, पाट आपलाच ना. मी म्हटलं आपलाच. तो आणखी काही बोलेल असं वाटलं. मीही आणखी काही बोलेन असं वाटलं. मग नीलांबरीने वरून हाक मारली, गूळ किती किलो आणायचा.
सहा दिवस तर राहिलेत. मग बोलणंच बोलणं.

३१ ऑगस्ट, शनिवार.
उद्या. सगळं तयार. नारळ, अगरबत्ती, चिंध्या, तूप, दारू, टोप्या. डेल पहाटे ट्रक घेऊन येतो.
नीलांबरीला सांगितलं देवळात अभिषेक आहे. ती म्हणाली, संध्याकाळी सात वाजेपर्यंत या, सारणाचे नारळ खवून फ्रीझरला टाकायचेत.
उद्या सगळं बाबांसारखं करणार. रानात शिरायच्या आधी तिथल्या राखणदार देवाला नारळ आणि गाऱ्हाणं. आणि दारूचं पहिलं माप झाडाच्या मुळाशी ओतायचं. बाबा म्हणायचे, पहिलं राखणदाराचं, दुसरं आपलं. मग गोळी. त्यांचा बार कधी चुकला नाही.
उद्या रात्री ह्या वेळेला सगळ्यांना सांगून झालेलं असेल. बॅग कोणती न्यावी? निळीचं चाक मोडलंय.

१ सप्टेंबर, रविवार. रात्र.
क्रमाने लिहिते. माझा दोष नाही हे कळेल.
रान छान. झाडं आपली नाहीत पण वास रानाचाच. एका मोठ्या ओकच्या झाडाखाली थांबलो. डेलने बोटाने वर दाखवलं. खार. करडी, जाड, फांदीवर बसून काहीतरी सोलत होती. म्हणाला आवाज न करता बंदूक भर.
मी म्हटलं आधी नारळ. दगडावर फोडला. खार हललीसुद्धा नाही. मग गाऱ्हाणं घातलं. हळू आवाजात.
बा देवा महाराजा, ह्या रानाचा जो कोण राखणदार असशील, तुझं नाव मला माहीत नाही, तुला माझी भाषा माहीत नाही, पण नारळ तुला कळेल. हा डेल तुझ्या गावचा, मी परगावची, पाहुणी समज. एक खार दे. जास्त नको.
दर वाक्याला डेल म्हणत होता, एमेन. व्हय महाराजा म्हणायला माणूस लागतोच, त्याने बरोबर म्हटलं.
इथेच थांबायचं होतं. पण गाऱ्हाण्याला लागलं की माणूस वाहत जातं. मी पुढे म्हटलं, महाराजा, तिकडे माझ्या नावाचा पाट मांडलेला आहे, आणायला कोणी नाही, मी इथे जमिनीखाली पोळ्या लाटते, वर पडदा आहे. जी काय वाट अडली असेल ती मोकळी कर आणि मला घरी ने.
डेल म्हणाला, एमेन. टोपी काढली होती त्याने. त्याला काय कळलं कोण जाणे.
डोळ्यात काहीतरी गेलं होतं. त्या डोळ्यांनीच माप भरलं, राखणदाराच्या नावाने मुळाशी ओतलं. मग चिंधी, गोळी, गज. ठासलं चांगलं. टोपी चढवली. नेम धरला. खार माझ्याकडेच बघत होती, त्या डेकवरच्यासारखी.
घोडा ओढला. टोपी फुटली. फट्. टिकली फुटावी तसा आवाज. बस.
दुसरी टोपी. फट्. तिसरी. फट्. खारीने हातातलं संपवलं, कवच खाली टाकलं, माझ्या पायाशी. आणि गेली.
मी म्हटलं टोप्या ओल्या. मग म्हटलं दुकानदाराने फसवलं. डेलने झाडाच्या मुळाकडे बोट दाखवलं. तिथे काळी दारू पडलेली होती. पाव चमचा. एकच माप.
पहिलं राखणदाराचं. दुसरं राहिलं.
"हॅपन्स टू एव्हरीबडी," म्हणाला. मग हसला. म्हणाला त्याचंही झालंय, पण त्याने कधी झाडाला दिली नव्हती.
गोळी आत अडकली. मागे दारू नाही, तर पुढे कशी जाणार. गजाला स्क्रू लावून गोळीत फिरवतात आणि ओढतात. डेलने ओढलं. मी ओढलं. दोघांनी दोन बाजूंनी ओढलं. गज मोडला. अर्धा हातात, अर्धा आत.
बारीक गज मोडतो असं कोणीतरी म्हणालं होतं. कोण ते महत्त्वाचं नाही.
सात वाजायच्या आत घरी. नारळ खवले.

३ सप्टेंबर, मंगळवार.
खार नाही. पण रेणूचा मेसेज आला, डोळे काढून झाले, कधी पोचतेस.
शेवटी नवऱ्याला म्हटलं. रिकाम्या हाताने. म्हटलं, मला गणपतीला गावी जायचं होतं.
त्याने चहा खाली ठेवला. म्हणाला, "मी जूनमध्ये विचारलं होतं की. दोघांची तिकिटं होती. तू म्हणालीस थांब, माझं ठरू दे."
मी म्हटलं तू इलाच्या कार्यक्रमाचं बोलत होतास.
तो म्हणाला, "कसला कार्यक्रम? मला पण जायचं होतं. मला वाटलं तुला नाही जायचं. मला वाटलं तू इथे रमलीस. त्या म्हाताऱ्याबरोबर देवळात वगैरे जातेस."
मी त्याचा चहा परत गरम केला. तो इतक्या गोण्या उचलतो, कधी बोलला नाही त्याचं मन कुठे असतं. मी इतकी बोलते.
आता तिकिटं बघितली तर सहा तारखेच्या रात्रीची आहेत. पोचेपर्यंत विसर्जन.
रेणूला फोन केला. काही सांगायच्या आत ती म्हणाली, कळला माका. मीच आणतंय. तू रडा नको. मी रडत नव्हते. कांदा होता.

७ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी.
मोदक अकराशे. एकही फुटला नाही. कोणी यूट्यूब बघितलं नाही.
नीलांबरीच्या हॉलमध्ये गणपती. मी म्हटलं माटवी पाहिजे. कोकणात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला नारळ, काकड्या, कणसं, रानातली फळं बांधतात. शैलेंद्रला लहानपण आठवलं, तो तयार. दुकानातून दांडे आणले. नारळ बांधले आणि मधला दांडा कडकन मोडला. दारावर पाहुण्यांच्या गाड्या लागायला लागल्या.
इला खाली गेली आणि वर आली. हातात लांब खोका. म्हणाली, "काकी, युज युवर कर्टन रॉड."
नीलांबरीने खोका उघडला. बघितलं. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "वहिनी, हा पडद्याचा रॉड नाही."
मी म्हटलं नाही.
तिने एका बोटाने नळी जरा ढकलून बघितली. मग म्हणाली, ह्यात काही आहे का. मी म्हटलं गोळी आहे, दारू नाही, उडत नाही. तिने दाराकडे बघितलं. म्हणाली, बांधा. लोक आले. नंतर बोलू.
बांधली. दोन नारळ, चार काकड्या, कणसांचा घोस. तसूभर वाकली नाही. पाहुणे म्हणाले, किती सरळ दांडा. डेल आरतीला आला होता. वर बघितलं आणि टोपी काढून छातीशी धरली. मोदक खाल्ले. म्हणाला गोळी काढता येईल, मागचा छोटा भाग उघडून थोडी दारू आत सारायची, उडवून टाकायची. मी म्हटलं गणपती होऊ दे.
तिकडे रेणूने फोनवर दाखवलं. आमचं देवघर. माझ्या पाटावर तो बसलेला. डोळे काढल्यावर वेगळाच दिसतो. माझ्याकडेच बघत होता. नवरा माझ्या खांद्यावरून बघत होता.

८ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ.
दीड दिवसाचा गणपती. मागच्या अंगणात बादलीत विसर्जन केलं. सगळे ओरडले, गणपती गेले गावाला. गेले असतील. त्यांना कोणी थांब म्हणत नाही.
रेणूनेही तिकडे व्हाळाच्या पाण्यात सोडला. पाट धुऊन माळ्यावर ठेवला. पुढच्या वर्षी देऊ का म्हणाली. मी म्हटलं दे. मी येते.
नीलांबरीने नंतर बोलू म्हटलं होतं ते बोलणं झालं नाही. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेतली आहे, ते मात्र झालं.
माटवी सोडून डेकवर ठेवली. खार आली. कणीस उचललं, कठड्यावर बसली, माझ्याकडे बघत खायला लागली. बंदूक माझ्या हातातच होती. नळीत गोळी, गोळीत अर्धा गज. मी नेम धरला. चांगला बराच वेळ धरला. नेम अगदी बरोबर होता. साक्षीला कोणी नव्हतं एवढंच.
इतक्यात नवरा दारात आला. म्हणाला, पुढच्या वर्षीची तिकिटं आत्ताच बघून ठेवू का, स्वस्त मिळतात.
मी म्हटलं थांब. आधी ही गोळी निघू दे.
तो बरं म्हणाला आणि आत गेला.
कुठे चुकलं ते मला आता कळलं. छत्तीसची घ्यायला हवी होती.